बब न म्हणता

दोन फेऱ्या.

बुडवलेल्या सापळ्याची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाच्या वरच्या दांडीला, जिथं दोरीचं काहीच काम नसतं तिथं, कुणीतरी त्याच्याच दोरीच्या दोन फेऱ्या टाकल्या होत्या — एकीला लागून एक, ओढून, दाबून बसवलेल्या — आणि त्या इतक्या नीट होत्या की क्लोव्हिस गिड्रीच्या मनात आधी आलं ते कौतुकच : हात चांगला आहे, घाईत नव्हता, लाटेवर होडी एका जागी धरून सावकाश बांधलंय... मग बोया ओढून घेण्याची आकडी त्याच्या हातात तशीच राहिली. इंजिन गुरगुरत होतं. नारिंगी बोया होडीच्या कुशीवर ठक... ठक... करत होता, मधला पांढरा पट्टा यंदाच रंगवलेला, खाली शेवाळाची हिरवी दाढी, आणि दोन्ही फेऱ्यांतून पाणी थेंबथेंब गळत होतं.

वारा अशी गाठ मारत नाही. लाटही मारत नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. धुकं होतं. धुक्यात कुणी दिसत नव्हतं, म्हणजे कुणीही असू शकत होतं.

या किनाऱ्यावर भांडण बोलून करत नाहीत. शेवंडं धरण्याच्या जागा कुठं लिहिलेल्या नाहीत, पण कोणत्या खडकापर्यंत कुणाचे सापळे हे प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं, आणि ज्याला कळलं नाही त्याला आधी अशा दोन फेऱ्या. त्या पाहून त्यानं आपले सापळे उचलून निघून जायचं. नाही गेला, तर सुरी. दोरी तुटते, बोया वाहून जातो, आणि सापळे खाली तळाशी तसेच पडून राहतात. शेवंडं आत शिरत राहतात, मरतात, मेलेल्याच्या वासानं आणखी शिरतात, आणि वर कुणाला काही कळत नाही. कुणी कापलं ते कुणी पाहत नाही. पाहिलं तरी पाहिलेलं नसतं. पलीकडच्या खाडीतल्या एका माणसाचं असंच झालं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी, आणि धक्क्यावरच्या आमिषाच्या शेडमधे सगळे त्यावर हसले होते. क्लोव्हिसही हसला होता. आता त्याला आठवलं, की त्या हसण्यात आपला आवाज सगळ्यांत मोठा होता — घरात नवीन आलेल्या माणसाचा असतो तसा.

त्यानं फेऱ्या सोडवल्या. बोटं थंडीनं वाकडी झाली होती तरी गाठ सहज सुटली. सुटण्यासाठीच असते ती.

ही जागा नेटीची, त्याच्या बायकोची. म्हणजे नेटीच्या बापाची, आणि बोयाचा नारिंगी-पांढरा रंगही त्याचाच; इथं प्रत्येक घराचा रंग वेगळा. म्हाताऱ्याला मुलगा एकच, वेंडेल टॉरी. पण त्यानं मरताना रंग आणि ही खडकाची बाजू जावयाला दिली, आणि वेंडेलनं सगळ्यांसमोर मान हलवली. तेव्हापासून पंचवीस-सव्वीस वर्षं क्लोव्हिस इथं सापळे टाकतोय आणि उचलतोय. नेटी गेल्या फेब्रुवारीत गेली. जमीन गोठलेली होती, म्हणून रिवाजाप्रमाणं तिला दफनभूमीजवळच्या दगडी खोलीत ठेवलं, आणि मे महिन्यात माती मऊ झाल्यावर पुरलं. त्या दिवशी वेंडेलनं त्याचा हात धरला होता आणि म्हटलं होतं, "सांभाळ रे बब."

बब.

अमेरिकेच्या मेन राज्याच्या या पूर्वेकडच्या टोकाला पुरुष पुरुषाला असंच म्हणतो. ओठ मिटायचे, जरासे उघडायचे, लगेच पुन्हा मिटायचे. थंडीत तोंड फार वेळ उघडं ठेवायला लागू नये म्हणून केलेला शब्द असावा. क्लोव्हिस जन्मला तिकडं, दक्षिणेत, लुइझियानाच्या दलदलीत, तिथं मित्राला 'पॉडना' म्हणत — भागीदार या अर्थाचा शब्द, पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला, तोंड भरून म्हणायचा, ओढून, म्हणता म्हणता खांद्यावर हात ठेवायला वेळ मिळावा इतका ओढून. तरुणपणी तो समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला होता. तिथं सगळ्या देशातली माणसं. टेनेसीचा डोंगरी माणूस सगळ्यांना 'हॉस' म्हणायचा, जणू आपण सगळे तगडे घोडेच. कॅलिफोर्नियाचा एक पोरगेला वेल्डर, क्रेन कोसळत असती तरी 'ड्यूड' म्हणून मगच ओरडला असता. न्यू जर्सीचा एक होता, तो 'पॅल' म्हणाला की समजायचं, आता भांडण काढणार. माणसाचं नाव विसरायला होतं, पण हा एक शब्द ऐकला की डोळे मिटून सांगता यायचं, याच्या आईचं स्वयंपाकघर कुठल्या राज्यात आहे. ते तिथं मजेचं होतं. तिथं कुणीच घरात नव्हतं, म्हणून कुणी परकाही नव्हता.

इथं मात्र तो शब्द मागून मिळत नाही. आपण होऊन वापरायचा तर त्याहून नाही. पहिली तीन वर्षं त्याला 'नेटीचा नवरा' म्हणत. मग एका नोव्हेंबरात सापळे धक्क्यावर रचताना वेंडेल मान वर न करता म्हणाला, "ती सुरी दे रे, बब," आणि क्लोव्हिसनं सुरी दिली, आणि काही झालंच नाही असा चेहरा करून संध्याकाळपर्यंत काम केलं, आणि घरी येऊन दारातच नेटीला सांगितलं. ती पीठ मळत होती. ती इतकी हसली की डोळ्यात आलेलं पाणी पुसताना गालाला पीठ लागलं. "एवढंच? मला वाटलं होडी बुडवून आलास." आणि मग हसणं थांबवून, पिठाच्या हातानं त्याचं तोंड धरून, "आता जाऊ नकोस हं कुठं."

आता जाऊ नकोस...

त्यानं पुढचा बोया पाहिला. साफ होता. त्याच्या पुढचा — दोन फेऱ्या.

म्हणजे चूक नव्हती. कुणाची गंमत नव्हती. त्यानं सापळा वर ओढला, चक्री कुरकुरली, सापळ्यात तीन शेवंडं होती, एक अंड्यांवर आलेली मादी. तिला त्यानं सवयीनं पाण्यात सोडलं, दुसऱ्या दोघांच्या नांग्यांना रबर चढवलं, खारवलेल्या मासळीची नवी पिशवी आत टांगली, सापळा परत टाकला. हात सगळं करत होते. हातांना अजून काही कळलेलं नव्हतं.

कधीपासून? — कधीपासून कुणी बब म्हटलेलं नाही?

मे महिन्यात वेंडेल म्हणाला होता. जुलैत हार्लन म्हणत होता, रोजच. हार्लन पिंकम हा त्याचा शेजारी, खाडीतला एकच माणूस ज्याच्याशी तो कामाशिवाय बोलायचा. सकाळी रेडिओवर त्याची ठरलेली टोचणी असायची, "काय रे बब, शेवंडं धरतोयस का त्यांना गोष्टी सांगतोयस?" मग... सप्टेंबरात दुकानात वेंडेल भेटला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस्टर गिड्री." क्लोव्हिसला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आठवून आता त्याचे कान तापले. त्याला वाटलं, बायको गेलेल्या माणसाला लोक जपून हाक मारतात. तो घरी जाऊन म्हणाला सुद्धा, रिकाम्या खुर्चीला, तुझा भाऊ किती अदबीनं बोलला आज. आणि ती अदब वाढतच गेली. पोस्टात, पेट्रोल भरताना, धक्क्याच्या शिडीवर. सगळे जपत होते. सगळे बाजूला होऊन त्याला आधी जाऊ देत होते, जसं दारातून बाहेर जाणाऱ्याला देतात.

त्यानं माईक उचलला.

"हार्लन, क्लोव्हिस बोलतोय. तिकडं कसं काय?"

खरखर. आणि त्या खरखरीमागं, त्याला ठाऊक होतं, खाडीतल्या सगळ्या होड्या ऐकत होत्या.

"ठीक," हार्लन म्हणाला. मग, "तुमचं?"

तुमचं. सव्वीस वर्षांत या माणसानं त्याला एकदाही अहोजाहो केलं नव्हतं. एकदा दोघं दारू पिऊन गटारात पडले होते तेव्हाही नाही.

"माझं... ठीक. मोठ्या खडकापाशी आहेस का? येऊ तिकडं?"

"समुद्र सगळ्यांचा आहे," हार्लन म्हणाला, आणि रेडिओ बंद झाला.

समुद्र सगळ्यांचा आहे — हे वाक्य या खाडीत आजवर कुणी बोललं नव्हतं, कारण ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

तो निघाला तेवढ्यात धुक्यात दुसरं इंजिन ऐकू आलं. जवळ आलं. आणखी जवळ. मग मंद झालं, आणि धुकं जरा काळवंडून त्यातून एका होडीची उंच नाळ, तिचं पुढचं टोक, बाहेर आली, इतकी जवळ की क्लोव्हिसनं नकळत कठड्यावरचा हात काढून घेतला. वेंडेलचा मुलगा, डेना. तिशीचा, रुंद, बापासारखाच मान खाली घालून डोळे वर करून पाहणारा. लहान असताना तो नेटीआत्याच्या मांडीवर बसून क्लोव्हिसच्या ताटातला भात खायचा — तिखट लागला की रडायचा आणि पुन्हा मागायचा.

"धुकं दाट आहे," डेना म्हणाला.

"आहे."

"हल्ली एकटेच असता ना तुम्ही होडीवर?"

"एकटाच."

डेनानं त्याच्या पायांकडं पाहिलं. डेकवर दोरीची वेटोळी पडली होती. "जपून असा. एकट्या माणसाचा पाय दोरीत अडकला, सापळ्याबरोबर खाली गेला, तर कुणाला कळायचंही नाही. होडी आपली गोल गोल फिरत राहते."

"खरंय."

"तेच म्हटलं."

इंजिन वाढलं, नाळ धुक्यात परत गेली, आणि तिनं उठवलेली लाट क्लोव्हिसच्या होडीखालून सावकाश निघून गेली.

यात काय होतं? काहीच नव्हतं. पोलिसाला सांगायला गेलो तर तो म्हणेल, पोरानं काळजी केली. आणि खरंच, हेच वाक्य गेल्या वर्षी डेना बोलला होता, याच जागी, अक्षर न् अक्षर हेच. फक्त शेवटी 'बब' होतं, आणि त्या एवढ्याशा शब्दानं ते वाक्य गरम होतं, शालीसारखं. तो शब्द काढून घेतला, आणि आत काय शिल्लक राहिलं — दोरी, पाय, खाली जाणं, गोल फिरणारी होडी. क्लोव्हिसनं खाली वाकून दोरी बाजूला सारली. मग पुन्हा एकदा पाहून आणखी बाजूला सारली.

मोठ्या खडकापाशी हार्लन सापळे उचलत होता. त्यानं क्लोव्हिसला येताना पाहिलं आणि पाहिलं नाही. दोन्ही होड्या जवळजवळ आल्यावर एरवी हार्लन कॉफीचा थर्मास पुढं करायचा, वर काहीतरी घाण बोलायचा. आज तो शेवंडांच्या नांग्यांना रबर चढवत राहिला.

"हार्लन, माझ्या बोयांवर गाठी आहेत."

"असं?"

"मी काय केलं?"

हार्लननं शेवंड टोपलीत टाकलं. दुसरं उचललं, ते लहान होतं, पाण्यात फेकलं.

"हार्लन. आपण गटारात पडलोय रे एकत्र."

तेव्हा त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पण हसू तिथंच मेलं. तो खाडीकडं, म्हणजे धुक्याकडं पाहून म्हणाला, "ऑगस्टमधे तुमच्याकडं एक ट्रकवाला आला होता. तुमच्या तिकडचा."

"अर्सेन. हो. शेवंडं न्यायला आला होता. त्याचा माल भरायला दिवस लागणार होता, म्हणून मी त्याला होडीवर... मग काय झालं? मी त्याला कुठला खडक दाखवला नाही, हार्लन, आईशप्पथ."

"तुमच्या रेडिओच्या माईकचं बटण दाबलेलं राहिलं होतं. सगळ्या होड्यांवर ऐकू येत होतं."

क्लोव्हिसला आधी समजलंच नाही.

"कशाखाली तरी दाबला गेला असेल," हार्लन म्हणाला. "जुना रेडिओ तो. सांगितलं होतं तुम्हाला, बदला म्हणून. आम्हाला काही बोलताही येईना मधे. तुम्ही बोलत होता ना, म्हणून."

"किती वेळ?"

"सगळा वेळ."

लाट आली, दोन्ही होड्या वर गेल्या, खाली आल्या.

"मी काय बोललो?"

"ते तुम्हाला माहीत."

"मला आठवत नाही रे! गप्पा मारत होतो, हसत होतो—"

"मी माझा रेडिओ बंद केला," हार्लन म्हणाला, आणि आता प्रथमच त्यानं क्लोव्हिसकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "काही वेळानं केला. बाकीच्यांचं माहीत नाही." मग त्यानं इंजिन वाढवलं.

ऑगस्ट. ऊन होतं. अर्सेन ट्रॉसक्लेर, साठीचा, पोट सुटलेला, मासे तोलायच्या काट्याजवळ उभा राहून कुणालातरी म्हणाला होता, "ऐक ना, पॉडना," आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला क्लोव्हिसच्या पाठीवर काटा आला होता. क्लोव्हिस ज्या दलदलीत वाढला, तिच्या शेजारच्याच दलदलीतला हा निघाला. होडीवर अर्सेन बाकावर बसला — माईक नेहमी त्या बाकावरच लोंबत असतो — अर्सेन मेणकापडी डगला पसरून त्यावर बसला — हो. तिथंच. त्याच्या ढुंगणाखाली. नेटी गेल्यापासून प्रथमच त्या दिवशी क्लोव्हिसची जीभ सुटली, वीस-पंचवीस वर्षं खोक्यात बंद असलेली ती दुसरी जीभ, आणि जिभेला हाड कुठं असतं. पॉडना, तुला सांगतो. पॉडना, ऐक तर खरं.

काय सांगितलं?

वेंडेलची नक्कल केली. हे आठवतं. मान खाली, डोळे वर, ओठ मिटून : "बब. बब. धुकं आहे बब. बायको मेली बब. चहा आहे का बब." अर्सेन बाक पिटत हसला होता. त्यानं पुन्हा करायला सांगितली, आणि मी पुन्हा केली. हार्लनची केली. सगळ्यांची केली मी, एकेकाची, सगळ्या खाडीची, आणि खाडी ऐकत होती, प्रत्येक जण आपापल्या होडीवर, हातात सापळा धरून, आपल्याच आवाजाची वाट पाहत...

पण नकलेसाठी कुणी गाठ मारत नाही. हे लोक एकमेकांच्या नकला आयुष्यभर करतात.

मग काहीतरी आणखी. नंतर, दुपारी, हसून हसून दमल्यावर, उतरत्या उन्हात, मी नेटीचं बोललो. त्या दगडी खोलीचं बोललो. तिला तिथं कसं ठेवलं, तीन महिने, आणि मी रोज तिथपर्यंत चालत जायचो, दाराला कान लावायचो... हे बोललो का? का हे फक्त केलं, आणि बोललो नाही? वाक्याची सुरुवात आठवते. "या लोकांनी तिला, पॉडना—" आणि पुढं अर्सेनचा हात आठवतो. जड, केसाळ, माझ्या खांद्यावर. त्याचा चेहरा हसायचा थांबलेला. आणि तो म्हणाला, "असं बोलू नये, पॉडना. असं मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

कसं? कसं बोलू नये?

या लोकांनी तिला — गोठवलं? या लोकांनी तिला माझी होऊ दिलं नाही? का मी म्हणालो, मी इथं कधीच राहणार नव्हतो, तिनं मला अडकवलं, सापळ्यात, आणि आता ती सुटली, मी राहिलो? का म्हणालो, वसंतात मी ही जागा पाहिजे त्याला देईन, बाहेरच्याला देईन, पॉडना, तुझ्या पुतण्याला देईन, बघू दे यांना? — ते म्हणालो असेन तर गाठी बरोबर आहेत. ते म्हणालो असेन तर मीही मारल्या असत्या. त्यानं प्रत्येक वाक्य तोंडात घेऊन पाहिलं, जसं अंधारात किल्ली कुलपात घालून पाहतात, आणि भयंकर हे, की प्रत्येक किल्ली थोडी थोडी फिरत होती.

दुपार टळल्यावर तो धक्क्यावर आला. धुकं वर सरकलं होतं, पाण्यावर शिशाचा रंग होता. आमिषाच्या शेडमधून बोलणं ऐकू येत होतं, मोठ्यानं, खारवलेल्या मासळीच्या वासाबरोबर — "अरे बब, ते टोपलं तुझ्या बापाचं का?" "बापावर जाऊ नको, बब, तुझ्या बापानं माझी होडी अजून परत केली नाही." हशा. तो दारात गेला. हशा थांबला नाही. ते फार सोपं झालं असतं. बोलणं चालूच राहिलं, बर्फ कधी पडेल, इंजिनातलं तेल, फक्त त्यातून तो शब्द गेला. कुणी कुणाला बब म्हणेना. पाहुणा आल्यावर घरातली चांगली भाकरी फडताळात सरकवावी, तसं सगळ्यांनी मिळून तो शब्द आत ठेवला.

वेंडेल उलट्या टोपलीवर बसून दोरी सांधत होता. सत्तरी उलटलेली, पण बोटं अजून सुईसारखी.

"थंडी पडायला लागली, मिस्टर गिड्री," तो म्हणाला.

"हो."

"दक्षिणेत बरं असेल आता. तुमच्याकडं."

"माझं घर तुमच्या शेजारी आहे, वेंडेल."

"ते नेटीचं घर." वेंडेलनं दोरीला वेढा दिला. "वाईट नाही हं म्हणत. वयात थंडी बाधते माणसाला. कुणी काही म्हणणार नाही, एवढंच."

कुणी काही म्हणणार नाही. डेना दाराशी येऊन उभा होता, हार्लन कोपऱ्यात आमिषाच्या पिंपात हात घालून काहीच काढत नव्हता. क्लोव्हिसला वाटलं, आता मागं फिरावं. उद्या सकाळी मुकाट्यानं सापळे उचलावेत, एकावर एक रचावेत, जावं. सोपं आहे. अदबीनं वाट करून देतील. पण त्याचा गळा आपोआप उघडला आणि तो म्हणाला,

"त्या दिवशी मी काय बोललो?"

आता मात्र बोलणं थांबलं.

"नकला केल्या. ते आठवतं मला. त्याची माफी मागतो, प्रत्येकाची. पण पुढचं मला आठवत नाही. नेटीबद्दल मी काय बोललो, वेंडेल? तुमची बहीण होती. मला सांगा. शिव्या घाला, पण सांगा."

वेंडेलनं दोरी मांडीवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, खूप खालून आलेलं, आणि एक क्षण क्लोव्हिसला वाटलं, आता येईल, तो शब्द येईल, शिवीबरोबर का होईना, 'हरामखोरा' असं म्हणून शेवटी तरी.

"कुठल्या दिवशी?" वेंडेल म्हणाला.

"ऑगस्टमधे. माईक—"

"आम्ही काही ऐकलं नाही, मिस्टर गिड्री." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "कुणी ऐकलं का रे काही?"

कुणी ऐकलं नव्हतं. डेनानं मान हलवली. हार्लननं पिंपातून हात बाहेर काढला, झटकला, आणि खाली पाहत म्हणाला, "नाही."

वेंडेलनं दोरी परत उचलली.

बाहेर येऊन क्लोव्हिस गाडीत बसला. काचेवर त्याच्याच श्वासाची वाफ धरत होती. त्याला जाणवलं, की सकाळपासून पोटात बसलेली ती भीती — सुरीची, धुक्यातल्या नाळेची, पायात अडकणाऱ्या दोरीची — आता तिथं नाहीये. ती गेली नव्हती, जरा सरकून बसली होती, कुणालातरी जागा करून दिल्यासारखी. शेडमधल्या प्रत्येक माणसाकडं त्याचा एक तुकडा होता आणि त्याच्याकडं नव्हता. तो तुकडा ते कधीच देणार नव्हते. सापळे राहोत की जावोत, तो उत्तरेत मरो की दक्षिणेत, होडीवर उतरत्या उन्हात एक माणूस त्याच्या तोंडानं काहीतरी बोलून गेला होता, आणि सगळ्या खाडीनं त्या माणसाला ओळखलं होतं, ज्याच्या बायकोची गोष्ट होती त्यानं सोडून.

"पॉडना," तो हळूच म्हणाला. गाडीत ते नाटकातल्यासारखं वाटलं. दलदलीतला कुणीही ते ऐकून हसला असता.

"बब," तो म्हणाला, आणि दचकला, कारण ते हुबेहूब तसंच आलं — मान खाली, डोळे वर, ओठ मिटून — जसं त्यानं अर्सेनला हसवायला केलं होतं.

दोन्ही नकलाच झाल्या होत्या. मग आत जो बसलाय, ज्यानं ते वाक्य पूर्ण केलं, त्याला काय म्हणून हाक मारायची? तो होता, यात शंका नव्हती. इतकी वर्षं होताच, पिठाच्या हातांत तोंड दिलं तेव्हाही आत होता, शांत, पाहत. क्लोव्हिसला आता रडू आलं नाही, राग आला नाही. त्यानं काच पुसली नाही. वाफेनं बाहेरचं सगळं हळूहळू झाकत गेलं, आधी शेड, मग पाणी, आणि तो हात मांडीवर ठेवून गप्प राहिला, त्या दुसऱ्यानं आधी बोलावं म्हणून.